अकोल्याची खेप

वलगावात शालिकरामच्या लॉरीला लोक त्याची दुसरी बायको म्हणत, आणि पहिली जिवंत होती तोवर हे सगळ्यात मोठ्यानं तीच म्हणायची. लढाई संपल्यावर लष्करानं नको झालेल्या गाड्या विकून टाकल्या, त्यातली ही एक. पुढं दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा, मागं उघडा हौदा, अंगावर हिरव्या रंगाचे पोपडे. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं की ती आधी खोकायची, मग शिंकायची आणि मग मर्जी असली तर सुरू व्हायची. कौतुक करावं असं तिच्यात काही नव्हतं. तरी शालिकरामचा तिच्यावर जीव होता, कारण ती दर सोमवारी त्याला अकोल्याला न्यायची आणि अकोल्यात त्याची कौशल्या होती.

कौशल्या ही त्याची एकुलती एक लेक. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडं, केशवराव माळ्याच्या घरी दिलेली. माणसं चांगली होती, भाजीपाल्याचा मळा होता, पोरगी खाऊनपिऊन सुखी होती. पण रीत म्हणून एक गोष्ट असते. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उगाच तिच्या दारात जाऊन बसायचं नाही. कामानं त्या गावी गेलात तर जाता जाता उभ्या उभ्या डोकवावं, तेही घरातली मोठी माणसं घरात असताना. व्याह्यांशी चार शब्द बोलावेत, लेकीच्या हातात काय द्यायचं ते द्यावं आणि निघावं. सासरच्यांच्या माघारी गेलं तर बाप लेकीचे कान भरायला आला असं होतं. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. ज्यानं पाडली त्याला लेक नसावी, किंवा असलीच तर घरी बोलायला बायको तरी असावी.

शालिकरामला आता तीही नव्हती. तानुबाई त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तापानं गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मग तेरावा झाला, पाहुणे पांगले, कौशल्याही सासरी परतली आणि घरात शालिकराम एकटा उरला. तो भाकरी थापायचा, तव्यावरच तोडून खायचा आणि तवा तसाच पालथा घालून ठेवायचा. बोलायला कुणी नाही म्हणून पारावर जाऊन बसावं, तर तिथं हसतखेळत बसलेली माणसं त्याला पाहिलं की आवाज खाली आणायची. कुणी पिकाचं विचारी, कुणी तब्येतीचं. आजाऱ्याच्या खाटेजवळ बोलतात तसं बोलत. शालिकरामला वाटे, कुणीतरी आपल्याला एक सणसणीत शिवी द्यावी. पण एवढी दया त्याच्यावर कुणी केली नाही.

आणि नेमकी त्याच सुमारास, थंडी पडायला लागली तशी, लॉरी बंद पडायला लागली.

धंदा असा होता. वलगावच्या बागांतला संत्रा रविवारी संध्याकाळी हौद्यात भरायचा, सोमवारी पहाटेच्या अंधारात निघायचं, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर करत सकाळी अकोल्याला पोचायचं. आधी पाच मिनिटं कौशल्याच्या दारात, मग फळबाजारात. तिथं हर्रास व्हायचा, म्हणजे मालावर बोली लागायची, आणि त्या वेळेला माल हजर नसला की मग तो किरकोळीत, पडेल त्या भावानं जायचा. गाडी चांगली होती तेव्हा सगळं सुरळीत होतं. आता ती बडनेऱ्याच्या पुढं गेली की आचके द्यायला लागायची. आवाज बसायचा, गाडी पुढं जायची पण जीव नसल्यासारखी, आणि मग रस्त्याच्या मधोमध गप्प. शालिकराम खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, तारा हलवून बघायचा, नळीत फुंकर मारायचा. पेट्रोलचा काटा लष्करातच मेला होता, म्हणून टाकीचं झाकण काढून आत बोरूची काडी घालून पेट्रोल बघायचा. मग हँडल मारायचा, आणि ती काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. थोडं पुढं गेली की पुन्हा तेच. अकोला येईस्तोवर त्याच्या नाकी नऊ यायचे. आणि परतीला, दुपारच्या उन्हात, हीच बया एकदासुद्धा न थांबता वलगावपर्यंत धावत यायची.

अमरावतीत खुशालराव म्हणून मिस्त्री होता. त्यानं तिला आपल्या अंगणात उन्हात उभी केली, पोट उघडलं, सगळं धुतलं, पुसलं, परत बसवलं आणि दिवसभर चालवून पाहिली.

"शालिकरामभाऊ, मले तं हिच्यात काहीच दिसत नाई," तो म्हणाला. "पाय ना, कशी बोलून राहिली!"

"तुझ्या दारात बोलते. माझ्याशी अबोला हाय तिचा."

"मंग तुमीच काई केलं असन," खुशालराव म्हणाला आणि हसला. हसल्यावर त्याला तानुबाईची आठवण झाली आणि त्यानंही आवाज खाली आणला. शालिकराम उठून चालू लागला.

गावाचं म्हणणं वेगळं होतं. बाया म्हणत, तानुबाईनं हिचं पोटच्या पोरीसारखं केलं, हिला धक्का बसला. जनावराला कळतं, तसं हिलाही कळलं. शालिकराम तोंडानं म्हणे, "लोखंडाले काय समजते!" पण पहाटेच्या अंधारात, गाडी बंद पडल्यावर, टेकून उभं राहायला दुसरं कुणी नसायचं. तेव्हा तो तिच्या गार पत्र्याला पाठ लावून म्हणायचा, "मी आलो ना उठून? मले नाई का झालं काही? चाल ना बाई." आणि आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात आलं की आजूबाजूला बघायचा. बघणारंही कुणी नसायचं.

उशीर झाला की तो सरळ फळबाजारात जायचा. हर्रास उरकलेला असायचा, अडत्याच्या कपाळावर आठी असायची. माल कसाबसा उतरवून तो लेकीच्या दारात पोचायचा तेव्हा घरातली सगळी न्याहारी करून मळ्यात गेलेली असायची. घरी एकटी कौशल्या, चुलीपाशी. माघारी आल्याचा बोल लागू नये म्हणून शालिकराम गल्लीतूनच मोठ्यानं ओरडत यायचा, "गाडी बंद पडली होती बाप्पा, गाडी!" म्हणजे शेजारणींना कारण कळावं. मग तो ओट्याच्या कडेला टेकायचा, कौशल्या उंबऱ्यात बसायची. ती त्याच्या सदऱ्याकडं बघून आत जायची आणि सुई-दोरा घेऊन बाहेर यायची. गुंडी लावता लावता विचारायची, काल काय शिजवलं होतं. तो म्हणायचा, वरण. ती म्हणायची, फोडणी कशी केली? आणि तो सांगायला लागला की कपाळाला हात लावायची. "तेल तापू देत जा ना बाबा आधी! मोहरी तडतडली पायजे." कधी सासूची नक्कल करून दाखवायची. कधी मायची आठवण निघायची. पण शालिकरामचं अर्धं लक्ष लॉरीत असायचं. तिला शिव्या घालण्यात त्याचा निम्मा वेळ जायचा. उशीर झाला, अडत्या रागावला, संत्रा पडून राहिला, हेच पालुपद. कौशल्या ऐकून घ्यायची, आणि एक गुंडी लावून झाली की दुसरी धड असली तरी तोडून पुन्हा लावायची.

मग एका सोमवारी अडत्यानं सरळच सांगितलं. "शालिकराम, माणूस म्हणून तू चांगला हायेस. पन पुढच्या सोमवारी उशीर झाला, तं मंग तू येऊ नको. बागवाल्यायले मी सांगून देतो, दुसऱ्याच्या गाडीत माल भरा म्हना."

संत्र्याचं काय, संत्रा कुणाच्याही गाडीत जाईल. पण अकोल्याची खेप गेली की अकोल्याला जायचं निमित्त गेलं. वलगावाहून अमरावतीला भाजी नेऊन पोट भरलं असतं. पोटाचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एकदा दिवाळीला, एकदा अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी येणार, आणि ज्या माहेरी माय नाही तिथं सासू तरी किती दिवस राहू देणार? आठवडाभर तो हाच विचार करत राहिला. झोपेतसुद्धा हँडल फिरवत होता.

तो सोमवार उजाडायचा होता. थंडी अशी की हँडल हाताला चावत होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतः उभं राहून टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती. अमरावती गेली, बडनेरा गेलं. पुढं रेल्वेच्या फाटकाजवळ आली आणि सवयीप्रमाणे तिनं मान टाकली.

शालिकराम उतरला. तारा हलवल्या, नळी फुंकली. टाकी भरलेली आहे हे ठाऊक होतं म्हणून काडी घालायच्या भानगडीत तो पडला नाही. हँडल मारलं. नाही. थोडा दम खाऊ दिला, पुन्हा मारलं. नाही. एरवी एवढ्यात ती सुरू व्हायची, आज ढिम्म हलेना. त्याचे खांदे भरून आले, अंगातून घाम निघाला, आणि पूर्वेकडं उजळायला लागलं.

फाटकावर नत्थुजी नावाचा म्हातारा राखणदार होता. रात्रभर एकट्यानं बसून बसून तो बोलण्याचा भुकेला. हातात कंदील, अंगावर घोंगडी, असा येऊन उभा राहिला.

"बंद पडली वाट्टे."

"हो."

"पेटरोल हाय का?"

"हाय."

शालिकरामनं पुन्हा हँडल मारलं. नत्थुजीनं पलीकडून जाऊन चाकं पाहिली, संत्र्यांचा वास घेतला, परत आला.

"पेटरोल नसन तं नाई व्हत सुरू."

"हाय म्हनलं ना!"

"पाह्यलं का पन?"

आता मात्र शालिकरामचं डोकं फिरलं. आठवडाभराचा राग त्याच्या मस्तकात गेला. "हे घे! डोळ्यानं पाय! तुझ्याच समाधानासाठी!" असं म्हणत त्यानं टाकीचं झाकण पिळलं. टाकीचं तोंड ड्रायव्हरच्या दारामागं, खांद्यासारखं बाहेर आलेलं होतं. झाकण सैल झालं मात्र, टाकीनं आत सूंऽऽऽ करून श्वास ओढला. किती वेळचा कोंडलेला श्वास, संपता संपेना.

दोघेही दचकले. "हे कोन बोललं?" नत्थुजी म्हणाला.

शालिकराम पुढं गेला, हँडल अर्धं फिरवलं. लॉरी सुरू झाली.

घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत अडून बसतं. वरून दुसरं भोक पाडलं, हवा आत गेली, की धार लागते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इतके दिवस गाडी दम खाऊन सुरू होत नव्हती, तो काडी घालायला झाकण काढायचा म्हणून होत होती. आणि खुशालरावच्या दारात कधीच का बंद पडली नाही? ते कोडं अजून उरलं होतं. त्यानं नत्थुजीच्या हातातला कंदील जवळजवळ हिसकावून घेतला आणि झाकण उजेडात धरलं. मधोमध एक बारीकसं भोक असायला हवं होतं. होतंही. पण त्यात काहीतरी घट्ट बसलं होतं. पिवळट, मेणासारखं, धूळ खाऊन काळवंडलेलं. रस्त्याकडेच्या बाभळीचा काटा मोडून त्यानं ते कोरलं. नखावर आलं ते थंडीनं गोठलेलं होतं, बोटाच्या उबेनं विरघळायला लागलं. उन्हात पातळ होणार, पहाटे गोठणार. त्यानं नाकाशी नेलं.

तूप होतं. हळद घातलेलं तूप.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे, आणि माणसाला द्यावं तसं त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. शालिकरामनं बैलजोडी विकूनच ही लॉरी घेतली होती. त्यावर तानुबाई एक शब्द बोलली नाही. पण खांदमळणीच्या संध्याकाळी गल्लीत घरोघर बैल उभे, आणि आपल्या दारात नुसता खुंटा, हे तिला बघवलं नाही. ती तूप-हळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि लॉरीभोवती फिरली.

"हिचा खांदा कोनता व्हय?" तिनं विचारलं होतं.

शालिकराम खाटेवर बसून हसत होता. गंमत म्हणून त्यानं टाकीच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "तो काय! तिथूनच वढते ते."

आणि तिनं खरंच चोळलं. पळसाच्या पानानं, दोन्ही हातांनी, झाकण, गळा, आजूबाजूचा पत्रा, मनापासून. बैलाचा खांदा चोळावा तसं दाबून दाबून. मग हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सगळी गल्ली हसली. शालिकराम सगळ्यात जास्त हसला. तीही हसली, पण हात जोडलेलेच होते.

शालिकराम फाटकाच्या खांबाला धरून रडला. तानुबाई गेली तेव्हा तो रडला नव्हता असं नाही, पण तेव्हा माणसं होती, माणसांसमोर रडावं तेवढंच रडला होता. आता तो लहान पोरासारखा रडला. इतके दिवस तिच्या हाताला तो शिव्या घालत होता.

"काय होतं त्याच्यात?" नत्थुजीनं बऱ्याच वेळानं विचारलं.

"तूप. खांदमळणीचं."

शालिकरामला वाटलं, म्हातारा हसेल. नत्थुजीनं लॉरीकडं पाहिलं आणि मान हलवली. "मंग बरोबर हाय. दारात कामाचं जितराब हाय म्हनल्यावर मळाच लागते."

रस्ता उजळत होता. हर्रास थांबणार नव्हता. शालिकरामनं भोकातून काटा आरपार काढला, झाकण पुसलं, गळ्याभोवतीचा थरही पुसला. पुसता पुसता एकदा थांबला, पण तो सोमवार थांबायचा नव्हता. धोतराचा कोपरा पिवळा झाला. मग तो गाडीत बसला आणि लॉरी जी निघाली ती मूर्तिजापूर कधी मागं पडलं हे त्याला कळलंही नाही.

जुन्या शहरात तो पोचला तेव्हा केशवरावांच्या घरी सगळी अजून घरातच होती. अंगणात न्याहारी चालली होती. किती दिवसांनी तो वेळेवर, उजळ माथ्यानं, हाक न मारता दारात उभा राहिला होता.

"या इवाई, या!" केशवराव म्हणाले. "आज गाडी लवकरच आली!"

"बिमारी सापडली तिची," शालिकराम म्हणाला. "आता नाई पडत बंद."

"बरं झालं बाप्पा," पार्बताबाई, कौशल्याची सासू, भाकरी बांधता बांधता म्हणाली. "दर खेपेले बिचाऱ्याची फजिती."

कौशल्या डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली. त्यानं संत्र्यांची टोपली तिच्यासमोर ठेवली.

"आज गाडी बंद नाई पडली, बाबा?" तिनं हळूच विचारलं.

"नाई पडली! आता कधीच नाई पडत!"

"बरं झालं," ती म्हणाली.

एवढंच. तिनं टोपली उचलली आणि आत गेली. आत जाताना तिनं एकदा वळून त्याच्या सदऱ्याकडं पाहिलं. शालिकरामनं व्याह्यांशी पावसापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि निघाला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

मोर्णेच्या पुलावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तिच्या पदराच्या काठात सुई टोचलेली होती. दोरा ओवून ठेवलेली.

त्याचा पाय आपोआप सैल पडला. मागून टांगेवाला ओरडला तेव्हा तो भानावर आला. म्हणजे ती दर सोमवारी सुई ओवून बसत होती. म्हणजे गाडी बंद पडावी असं... आणि आपण आज तिच्या तोंडावर सांगून आलो, सगळ्यांदेखत, मोठ्या फुशारकीनं, की आता कधीच नाही.

फळबाजारात सगळं मनासारखं झालं. बोली चढली. अडत्यानं पाठीवर थाप मारली. "असाच येत जाय. माल वेळेवर आला तं दोघायचंही भलं." शालिकराम हो म्हणाला. अकोल्याची खेप वाचली होती. दर सोमवारी लेकीचं तोंड दिसणार होतं, डोक्यावर पदर घेतलेलं, व्याह्यांच्या समोर, पाच मिनिटं. आठवडाभर तो ज्याच्यासाठी झुरला ते त्याला मिळालं होतं, आणि त्याच्या तोंडाला चव नव्हती.

वलगावचा रस्ता पूर्वेला जातो. शालिकरामनं लॉरी उलट्या अंगाला वळवली, पूल ओलांडला, जुन्या शहरात शिरला. कौशल्याच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं, हात पुढं केला आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं. लॉरी दोन पावलं घरंगळली आणि थांबली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा काही दोष नव्हता.

तो खाली उतरला. बॉनेट उघडलं. "गाडी बंद पडली बाप्पा, गाडी!" असं ओरडायला गेला, पण आवाज फुटेना. आजवर हे वाक्य खरं होतं म्हणून इतकं सोपं होतं.

कौशल्यानं इंजिनाचा आवाज ओळखला असावा. ती लगबगीनं ओट्यावर आली, मग पायऱ्या उतरून गल्लीत आली. हात पिठाचे होते.

"पडली?" तिनं विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तिला लपवता आला नाही.

शालिकरामला तिच्याशी खोटं बोलवेना. त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. फाटक, नत्थुजी, टाकीचा श्वास, काटा, तूप. कौशल्या पोळ्याला इथं अकोल्यात होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. माय लॉरीचा खांदा शोधत फिरली हे ऐकून ती खळखळून हसली. पिठाचा हात तोंडावर दाबून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती लॉरीच्या त्या जागेवरून हात फिरवायला लागली. जागा स्वच्छ होती.

"मायच्या हातचं होतं?"

"हो."

"मंग पुसलं काहून, बाबा?"

हर्रासाचं कारण सांगायला शालिकरामनं तोंड उघडलं आणि मिटलं. पिठाचे हात पदराला पुसून कौशल्यानं सुई काढली, त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी चाचपली. ती पक्की होती. तिनं ती तोडली आणि लावायला घेतली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पार्बताबाई उभी राहिली. डोक्यावर गवताचा भारा होता. दूध घालायचं राहिलं म्हणून की काय, ती मळ्यातून मधेच परतली होती. तिनं लॉरीकडं पाहिलं, शालिकरामकडं पाहिलं.

"हे काय, इवाई? सकाळी तं म्हनत होते, बिमारी सापडली!"

माघारी आलेला बाप, आणि तोही सकाळी एकदा येऊन गेलेला. काय सांगणार? बापाचं खोटं उघडं पडलं की बोल बापाला लागत नाही, तो घरात राहणाऱ्या लेकीला लागतो, हे शालिकरामला ठाऊक होतं.

कौशल्यानं डोक्यावर पदर ओढला. दोऱ्याची गाठ मारली, दातानं दोरा तोडला. सासूसमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली.

"थे सापडली, आत्याबाई. पन दुसरी निघाली," ती म्हणाली. "मोठी हाय म्हनते बाबा. सकाळच्या वेळेले गाडी चालनच, पन दुपारून इथं आली का बंद पडन. दर सोमवारी पडन."

पार्बताबाईनं डोक्यावरचा भारा सावरला. मग त्यांच्या बाजूनं आत निघून गेली.

शालिकरामनं घाईघाईनं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि काहीही न बिघडलेल्या इंजिनाकडं बराच वेळ बघत राहिला.